पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांचा पूरक आहार : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

६ एप्रिल २०२५, पुणे

चार घरांतील पाच प्राण्यांच्या पूरक आहाराची नोंद आजपासून एकाच वहीत ठेवायची, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. माझ्याकडे बंड्या हा प्रौढ बिअर्डेड ड्रॅगन (एक जातीचा सरडा) आहे, वजन ४१० ग्रॅम. मैत्रिणीच्या घरी पाचू नावाचे ग्रीन इग्वाना या मोठ्या हिरव्या सरड्याचे पिल्लू नुकतेच आले आहे, वजन १८० ग्रॅम. शेजारच्या काकूंकडे दोन रेड-इअर्ड स्लायडर कासवे आहेत आणि मावसभावाकडे एक बॉल पायथन (लहान अजगर) आहे. इग्वाना आणि बॉल पायथन या दोन्ही जाती साइट्स कराराच्या (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी असावी लागते. पाचूची मालकी बदलल्याची कागदपत्रे मैत्रिणीने आधीच पूर्ण केली आहेत.

या प्रकल्पामागचा माझा आग्रह एकच आहे. कोणती पावडर चांगली, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी प्रत्येक प्राण्याच्या ताटात काय पडते, त्याच्या अंगावर कोणता प्रकाश पडतो आणि या दोन्हींतून काय उरते, हे मांडायचे. जी उणीव शिल्लक राहील तेवढीच पूरक आहाराने भरायची. उणीव ठाऊक नसताना दिलेले जीवनसत्त्व हे औषधाच्या चुकीच्या मात्रेइतकेच घातक ठरू शकते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची चयापचयाची गती मंद असल्यामुळे तो घात कित्येक महिने दिसतही नाही.

९ एप्रिल

पाचूच्या आधीच्या घरी त्याला रोज पालक, काकडी आणि अधूनमधून कोबी मिळत होता, आणि त्याचा पिंजरा दिवाणखान्यात काचेच्या खिडकीशी ठेवलेला होता. त्याला हातावर घेतले तेव्हा मागच्या पायाची बोटे अगदी बारीक थरथरत होती. थरथर सलग नव्हती, पकड घट्ट करताना यायची आणि पाय सैल सोडला की थांबायची. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला असता दोन्ही बाजूंना किंचित लवला. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. लांब हाडांच्या बाहेरच्या भिंती पातळ दिसल्या, मात्र कुठेही मोडतोड नव्हती. निदान अपेक्षेप्रमाणेच झाले : आहारातील दोषामुळे होणारा हाडांचा विकार, ज्याला पाळणारे सर्रास एमबीडी (मेटाबॉलिक बोन डिसीज) म्हणतात.

हा विकार घडतो कसा, ते मैत्रिणीच्या घरच्यांना समजावून सांगणे गरजेचे वाटले, म्हणून इथेही लिहून ठेवतो. रक्तातील कॅल्शियम घटू लागले की परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणते, कारण स्नायू आणि हृदय चालायचे तर रक्तातील पातळी टिकलीच पाहिजे. त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीत एकूण कॅल्शियम बराच काळ ठीक दिसू शकते आणि त्याच वेळी हाडे रिकामी होत असतात. बोटे थरथरू लागतात ती रक्तातली पातळीही ढासळू लागल्यावर. आहारात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी आणि त्यावर कॅल्शियम शोषायला लागणाऱ्या डी३ जीवनसत्त्वाची वानवा, असे तिन्ही एकत्र आले की हे ठरलेलेच. आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण निदान एकास एक आणि शक्यतो दोनास एक असावे, हा सगळ्या आखणीचा पाया आहे.

पालकाबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण हिरवे ते सगळे पौष्टिक या समजुतीने कित्येक इग्वाना अधू झाले आहेत. पालकात कॅल्शियम असते, परंतु त्याच्या कितीतरी पट ऑक्झॅलेट असते आणि ते आतड्यात कॅल्शियमला बांधून टाकते. राजगिरा, चाकवत, चुका, घोळ यांचीही कमीअधिक हीच गोष्ट. अळू घशाला खाजतो तोही कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच, तेव्हा अळूची पाने तर यादीत नकोतच. कोबी थोडा चालतो, पण रोज घातला तर थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक पोटात जातात. काकडीत पाण्यापलीकडे फारसे काही नाही.

त्याऐवजी पुण्यात सहज मिळणारा आणि उत्तम असा पाला म्हणजे शेवग्याचा. शेवग्याच्या ताज्या पाल्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि फॉस्फरस त्याच्या निम्म्याहूनही कमी. तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, मेथी, लाल भोपळा आणि त्याची फुले, अधूनमधून कोथिंबीर असे मिश्रण ठरवले. इग्वाना पूर्णतः पालेभाज्यांवर जगणारा प्राणी आहे. वाढीसाठी म्हणून अंडे, चिकन किंवा किडे देण्याची जी पद्धत काही घरांत आहे, ती आम्ही ठेवणार नाही, कारण त्या प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर येतो.

१३ एप्रिल

आजचा पूर्ण दिवस डब्यांवरची लेबले वाचण्यात घालवला आणि तो सत्कारणी लागला.

पहिली बाब कॅल्शियमच्या क्षाराची. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते, लॅक्टेटमध्ये सुमारे १३ टक्के आणि ग्लुकोनेटमध्ये अवघे ९ टक्के. म्हणून ‘कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम’ असे वाचले की ते क्षाराचे वजन आहे की निव्वळ कॅल्शियमचे, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. सिरपमध्ये ग्लुकोनेटसारखे क्षार वापरतात, कारण ते पाण्यात विरघळतात. डॉक्टरांनी पाचूला सध्या जे सिरप दिले आहे ते उपचार म्हणून आहे आणि त्याची मात्रा तेच ठरवतील. रोजच्या आहारावर भुरभुरण्यासाठी मात्र बारीक दळलेले, फॉस्फरसविरहित कॅल्शियम कार्बोनेट हेच सर्वांत सरळ आणि स्वस्त.

दुसरी बाब फॉस्फरसची. डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे पशुखाद्यवाल्यांच्या भाषेत डीसीपी, यात कॅल्शियमबरोबर भरपूर फॉस्फरस येतो. किड्यांत आणि मांसात फॉस्फरस आधीच जास्त असताना हे देणे म्हणजे तराजूच्या जड पारड्यात आणखी वजन टाकणे होय.

तिसरी बाब डी३ ची. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची बरीच कॅल्शियम पावडर डी३ घातलेली आणि डी३ विरहित अशा दोन प्रकारांत येते आणि दोन्हींचे डबे बहुधा सारखेच दिसतात. झू मेड कंपनीचे रेप्टिव्हाइट हे बहुजीवनसत्त्वही या दोन प्रकारांत मिळते. घरात दोन्ही असतील तर झाकणावर ठळक मराठीत लिहून ठेवायचे, असे ठरवले.

चौथी बाब, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, अ जीवनसत्त्वाची. काही पावडरींत तयार रेटिनॉल, म्हणजे थेट अ जीवनसत्त्व असते, तर रेप-कॅल कंपनीच्या हर्प्टिव्हाइटसारख्या काहींत बीटा-कॅरोटिन असते. पालाखाऊ प्राणी बीटा-कॅरोटिनपासून गरजेपुरते अ जीवनसत्त्व बनवतात आणि जास्तीचे बनवत नाहीत, म्हणून पाचूसाठी तो मार्ग सुरक्षित आहे. किड्यांवर जगणाऱ्या कित्येक जातींना हे रूपांतर नीट जमत नसावे, असे मानायला जागा आहे. त्यांच्यासाठी थोडे तयार रेटिनॉल असलेली पावडर, पण विरळ अंतराने, हा तोडगा मला पटतो. क जीवनसत्त्व बहुतेक सरपटणारे प्राणी मूत्रपिंडात स्वतःच तयार करतात, त्यामुळे ‘क जीवनसत्त्वयुक्त’ या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

१५ एप्रिल

बॉल पायथनच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिले. त्याला अख्खा उंदीर मिळतो, म्हणजे हाडांतून कॅल्शियम आणि यकृतातून अ आणि डी जीवनसत्त्व मिळते. उंदीर स्वतः चांगल्या खाद्यावर वाढलेला असावा आणि फ्रीझरमध्ये फार काळ पडून राहिलेला नसावा, एवढेच पाहायचे. मावसभावाला पावडर हवी होती, ती घेऊ नको असे सांगितले.

२० एप्रिल

आपल्याकडे सरपटणाऱ्या प्राण्यांची पूरके सहज मिळत नाहीत आणि मिळाली तर परदेशी म्हणून महाग असतात. त्यामुळे माणसांच्या किंवा गुराढोरांच्या औषधांकडे हात जातो. मैत्रिणीच्या सासूबाईंनी अगदी काळजीपोटी तीन प्रश्न विचारले. तिन्ही महत्त्वाचे असल्याने उत्तरे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न मेडिकलमध्ये मिळणाऱ्या डी३ च्या पुडीचा. ‘डॉक्टर मला आठवड्याला एक देतात, त्यातली चिमूटभर याला दिली तर?’ त्या पुडीत ६०,००० आययू (जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) डी३ असते. पाचू दिवसाला सुमारे १५ ग्रॅम पाला खातो, म्हणजे कोरड्या वजनात जेमतेम २ ग्रॅम. किलोभर कोरड्या आहारामागे १,००० आययू हा मध्यम अंदाज धरला, तर त्याची दिवसाची गरज २ आययूच्या आसपास येते. या हिशेबाने एक पुडी ३०,००० दिवसांची, म्हणजे ८२ वर्षांची झाली. इग्वानाचे आयुष्य चांगल्या संगोपनातही साधारण वीस वर्षांचे. चिमूट घेतली तरी ती कित्येक वर्षांची मात्रा असेल. डी३ मेदात विरघळणारे असल्यामुळे जास्तीचे सहज बाहेर पडत नाही. रक्तातील कॅल्शियम भलतेच वाढते आणि मूत्रपिंडे, रक्तवाहिन्या, हृदय यांच्यात चुन्यासारखे थर बसतात. ते थर पुन्हा काढता येत नाहीत. ही पुडी घरातल्या सरड्यापासून दूर ठेवावी, हे मी अगदी हात जोडून सांगितले.

दुसरा प्रश्न गाई-म्हशींच्या लिक्विड कॅल्शियमचा. दुभत्या जनावराच्या शरीरातून दुधावाटे कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जातात, म्हणून त्या बाटलीत सहसा दोन्ही असतात, शिवाय डी३ असते. मात्रा मिलिलिटरमध्ये शेकड्यांच्या हिशेबाने लिहिलेली असते. १८० ग्रॅमच्या प्राण्यासाठी त्यातून अचूक मोजून काढणे शक्य नाही.

तिसरा प्रश्न पानाच्या चुन्याचा, कारण गरोदरपणी कणभर चुना द्यायची रीत त्यांच्या माहेरी होती. विड्याचा चुना हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो आणि तो अत्यंत दाहक असतो. इग्वानाची जीभ आणि अन्ननलिका त्याने भाजेल. चुनखडी, शिंपल्यांची पूड, समुद्रफेन (कटलफिश या समुद्री प्राण्याचे आतले कवच) हे सगळे कार्बोनेट असते आणि चुना ती भाजून व विझवून बनतो. नावात साम्य असले तरी पदार्थ वेगळा झालेला असतो. सासूबाईंनी शिंपल्यांची पूड चालेल का, असे विचारले. स्वच्छ, मीठ काढलेली आणि अगदी मऊ दळलेली असेल तर चालेल, असे मी सांगितले.

मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल एक वेगळी टीप. १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि त्याबरोबर २५० आययू डी३ असे प्रमाण सर्रास आढळते. ते पुडीइतके भयंकर नाही, परंतु गोळी कुटून त्यातले डी३ समान पसरेल याची खात्री देता येत नाही, म्हणून आम्ही तीही टाळली.

२७ एप्रिल

आज गच्चीवर यूव्ही निर्देशांक, म्हणजे उन्हातील अतिनील किरणांची तीव्रता मोजली. मीटर एका पक्षीमित्राकडून आणला होता. सकाळी ८ वाजता १.७, ९ वाजता ४.३ आणि भर दुपारी ११ च्या वर. बंद काचेच्या खिडकीआड, लख्ख ऊन अंगावर पडत असतानाही, आकडा शून्य. मैत्रिणीच्या घरातल्या सर्वांना हा शून्य प्रत्यक्ष दाखवला, कारण ‘पण त्याला रोज ऊन मिळत होते’ हे वाक्य पाचूच्या आधीच्या पालकांनी वारंवार सांगितले होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते.

त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश घटकावर यूव्हीबी (अतिनील-बी) किरण पडले की डी३ चे पूर्वरूप तयार होते आणि अंगाच्या उबेने त्याचे डी३ मध्ये रूपांतर होते. म्हणजे प्रकाश आणि ऊब दोन्ही लागतात. या मार्गाचे मोठेपण असे की गरजेपेक्षा जास्त ऊन मिळाले तर ते पूर्वरूप निरुपयोगी घटकांत मोडते, त्यामुळे उन्हातून डी३ ची विषबाधा होत नाही. तोंडावाटे दिलेल्या डी३ ला असा आपोआप लागणारा लगाम नाही. इग्वानाच्या बाबतीत तर केवळ खाण्यातल्या डी३ वर विसंबून हाडे नीट ठेवता येत नाहीत.

इग्वाना आणि बिअर्डेड ड्रॅगन दोघेही फर्ग्युसनच्या वर्गीकरणात (सरपटणारे प्राणी किती ऊन घेतात यावरून केलेल्या गटांत) तिसऱ्या गटात मोडतात. उघड्यावर ऊन घेणाऱ्या या गटासाठी सरासरी निर्देशांक १ ते २.६ च्या दरम्यान धरतात. म्हणून सकाळी ८ ते ९ ही वेळ, अर्धी सावली असलेला जाळीचा पिंजरा आणि समोर माणूस, असा नियम केला. घारी आणि कावळे यांच्यामुळे एकटे सोडायचे नाही. ऊन मिळते तोवर दोघांसाठीही डी३ विरहित कॅल्शियम पुरेसे आहे.

४ मे

‘चिमूट’ हे माप रद्द केले. छोट्या डिजिटल काट्यावर माझी चिमूट ०.२ ग्रॅम भरली आणि मैत्रिणीची जवळपास ०.५. पाचूसाठी ०.१ ग्रॅमची सपाट चमची ठरवली, म्हणजे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टरांनी संमती दिली. जास्त कॅल्शियमही निर्दोष नसते. त्याने जस्त, तांबे आणि आयोडिन यांचे शोषण घटते.

११ मे

बंड्यासाठीच्या किड्यांचा हिशेब मांडला. प्रौढ असल्याने त्याचे ताट मुख्यतः पाल्याचे आहे, परंतु आठवड्यातून दोनतीनदा तो किडे खातो. रातकिड्यात १०० ग्रॅममागे साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३०० च्या जवळपास फॉस्फरस असतो, म्हणजे एकास सात. मीलवर्म या अळ्यांमध्ये ही तफावत एकास सतराच्या आसपास जाते. याला मोठा अपवाद म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, ज्या आपल्याकडे बीएसएफ म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पांत आणि मत्स्यखाद्यासाठी वाढवतात. त्यांच्या कवचातच कॅल्शियम असल्यामुळे प्रमाण दोनास एकापेक्षाही चांगले निघते. मात्र कचऱ्यावर वाढलेल्या अळ्या आम्ही घेणार नाही. कोंडा आणि भाजीच्या देठांवर स्वतः वाढवू.

रातकिड्यांना खाऊ घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस कॅल्शियमयुक्त खाद्य द्यायचे, म्हणजे त्यांच्या पोटातले अन्नच पूरक ठरते. त्या खाद्यात सुमारे आठ टक्के कॅल्शियम असावे लागते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या भरड खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, साधारण चार टक्के असते. ८९० ग्रॅम मॅशमध्ये ११० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळले की आठ टक्के होते. मॅश मिक्सरमधून अगदी बारीक करून घेतला, नाहीतर रातकिडे दाणे वेचतात आणि पावडर तशीच उरते. पाण्यासाठी ओला कापूस ठेवला आहे. गाजराच्या चकत्या ठेवण्याची पद्धत आहे, परंतु गाजर मिळाले की रातकिडे मॅशकडे फिरकत नाहीत आणि सगळा खटाटोप वाया जातो. हे खाद्य कायमचे देऊ नये, कारण इतक्या कॅल्शियमवर रातकिडे जास्त दिवस तगत नाहीत.

१८ मे

पावडर लावलेल्या रातकिड्याचे निरीक्षण केले. कोरड्या बरणीत किडे घेऊन, कार्बोनेट टाकून बरणी फिरवली, तेव्हा ते पिठात घोळल्यासारखे पांढरे झाले. एक रातकिडा बंड्याच्या टाकीत एका सपाट दगडामागे लपला. तिथे त्याने पुढच्या पायाने एक मिशी खाली वाकवली, तोंडात धरली आणि मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओढून काढली, मग दुसरी. नंतर मागचे पाय एकमेकांवर घासले. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा पंखांच्या शिरांमध्ये काही कण उरले होते, बाकी तपकिरी. म्हणजे टाकीत मूठभर किडे सोडून निघून जायचे आणि पावडर दिली असे समजायचे, याला काही अर्थ नाही. एकेक किडा चिमट्याने द्यायचा, खाल्ला की पुढचा. यात वेळ जातो, परंतु पोटात काय गेले ते नक्की कळते, आणि प्राण्याची भूक, नेम आणि जबड्याची ताकदही रोज नजरेखालून जाते.

२७ मे

यंदा मान्सून मे महिन्यातच येऊन थडकला. जूनच्या मध्यासाठी आखलेला बदल आजच लागू करावा लागत आहे. गच्चीवरचे ऊन बंद; दोन्ही टाक्यांवर यूव्हीबी किरण देणाऱ्या टी५ प्रकारच्या दिव्याच्या नळ्या लावल्या आणि बसण्याच्या फांदीवर निर्देशांक २.५ च्या आसपास येईल अशा उंचीवर टांगल्या. जाळी मध्ये आली की बराच प्रकाश अडतो, म्हणून मोजमाप जाळीखालीच घेतले. नळी डोळ्याला लख्ख दिसत असली तरी तिचे यूव्हीबी काळानुसार घटत जाते, तेव्हा दर महिन्याला मीटर आणून मोजायचे.

पावसाळ्यापुरते बंड्याच्या किड्यांवर आठवड्यातून एकदा डी३ असलेले कॅल्शियम द्यायचे ठरले. पाचूला नळी आणि ऊब हाच मुख्य मार्ग.

१५ जून

स्लायडरांपैकी लहान कासवाच्या पापण्या सुजल्या आहेत, असे काकूंनी सांगितले. त्यांचा आहार विचारला : दुकानातली वाळवलेली कोळंबी आणि ती संपली की बाजारातला सुका जवळा. या दोन्हींत अ जीवनसत्त्व जवळपास नसते आणि जवळ्यात मीठ असते. अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्यांच्या ग्रंथींचे मऊ अस्तर जाड आणि कोरडे होते, ग्रंथी तुंबतात, पापण्या फुगतात. कासवाला दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून ते खात नाही. तरीही सुजलेला डोळा म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता असे परस्पर ठरवू नये. अस्वच्छ पाणी आणि जंतुसंसर्ग यांनीही हेच घडते, आणि काकूंच्या टबाला गाळणी नव्हती.

डॉक्टरांनी दोन्ही कारणे धरून उपचार सुरू केले. अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन त्यांनी टाळले आणि मला ते पटले, कारण जास्त मात्रेने कासवांची कातडी सोलून निघाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात प्रसिद्ध आहेत. लहान मुलांना लसीकरणाच्या वेळी देतात ते अ जीवनसत्त्वाचे औषध घरी उरले होते. तेही वापरायचे नाही, एका मात्रेत लाखाच्या घरात आययू असतात.

नवा आहार : कासवांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या खाद्यगोळ्या हा मुख्य भाग, किसलेले गाजर आणि लाल भोपळा, पाणवनस्पतींपैकी डकवीड, आणि महिन्यातून एखाद्या वेळी कोंबडीच्या यकृताचा (कलेजीचा) हरभऱ्याएवढा तुकडा. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेन तरंगत ठेवला आहे. मागची कडक पाठ सुरीने काढून टाकली. मोठ्या कासवाने तो तासाभरात कुरतडायला घेतला. मासे द्यायचे तर ताजे. काही जातींच्या माशांतील थायमिनेज हे विकर ब१ जीवनसत्त्व नष्ट करते आणि गोठवून ठेवल्यानेही ते थांबत नाही. पाणी बदलून ते नाल्यात ओतताना कासवेही सोडून द्यावीत, असे काकूंच्या मुलाने बोलून दाखवले. ही परदेशी जात आपल्या नद्यांतल्या देशी कासवांच्या मुळावर येते, तेव्हा तसे करायचे नाही, हे त्याला समजावले आणि त्याला ते पटले.

६ जुलै

दमट हवेने पावडरचे खडे झाले. खडे झालेली पावडर किड्याला चिकटत नाही. शिवाय बहुजीवनसत्त्वाच्या पावडरीत ओलावा शिरला की त्यातली खनिजेच जीवनसत्त्वांचा नाश वेगाने करतात. म्हणून कॅल्शियम आणि बहुजीवनसत्त्व एकत्र मिसळून ठेवायचे नाही. मोठ्या डब्यातून पंधरवड्यापुरती पावडर लहान काचेच्या बाटलीत काढायची, सिलिका जेलची पुडी टाकायची, मोठा डबा बंद कपाटात. उघडल्याची तारीख झाकणावर लिहायची आणि सहा महिन्यांनी बहुजीवनसत्त्व टाकून द्यायचे, अर्धा डबा उरला असला तरी. साधे कार्बोनेट कोरडे राहिले तर खराब होत नाही.

१० ऑगस्ट

पाचूचे दुसरे क्ष-किरण चित्र काढले. मांडीच्या हाडाची भिंत स्पष्ट जाड झाली आहे. वजन २६० ग्रॅम. बोटांची थरथर जूनपासून दिसलेली नाही आणि जबडा दोन्ही बाजूंनी टणक लागतो. सिरप डॉक्टरांनी बंद केले; चमचीचे कार्बोनेट वाढ पूर्ण होईपर्यंत चालू राहील. बीटा-कॅरोटिनवाले बहुजीवनसत्त्व पंधरवड्यातून एकदा. शेवगा पावसात लवकर पिवळा पडून पाने गाळतो, म्हणून मैत्रिणीच्या सासूबाईंनी अंगणातल्या तुतीची छाटणी करून नवी पालवी फुटू दिली. या सुधारणेतला मोठा वाटा त्या पाल्याचा आणि यूव्हीबी नळीचा आहे असे माझे मत आहे. पावडरीने उरलेली फट भरली.

लहान स्लायडरचे डोळे उघडले असून ते खाऊ लागले आहे. गाळणी बसवली.

२ सप्टेंबर

एका ओळखीच्यांनी तारा कासवासाठी कोणते कॅल्शियम द्यावे, असे फोनवर विचारले. तारा कासव, घोरपड आणि आपल्याकडचे इतर देशी सरपटणारे प्राणी पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून ते कासव सुपूर्द करा, आणि तोवर पालक-टोमॅटोऐवजी गवत आणि जास्वंदीची पाने द्या, असे सांगितले.

१९ ऑक्टोबर

पाऊस सरला. आज सकाळी ९ वाजता गच्चीवर निर्देशांक ३.४ मिळाला, त्यामुळे बंड्या आणि पाचू दोघांचेही उन्हातले बसणे पुन्हा सुरू केले. त्याबरोबर बंड्याचे डी३ असलेले कॅल्शियम थांबवले. तो डबा कोरडा करून कपाटात ठेवला आहे. बंड्याला आता प्रत्येक वेळच्या किड्यांवर साधे कार्बोनेट आणि रेटिनॉल असलेले, डी३ विरहित बहुजीवनसत्त्व पंधरवड्यातून एकदा. त्याचे वजन ४१५ ग्रॅम, म्हणजे स्थिर.

पाचूची चमची ०.१ ग्रॅमवरच ठेवली आहे. वजन ३०० ग्रॅमच्या पुढे गेले की खाल्लेल्या पाल्याच्या कोरड्या वजनावरून हिशेब पुन्हा मांडायचा. तो मादी असल्याचे पुढे निष्पन्न झाले तर नराशिवायही अंडी घालण्याची शक्यता धरून कॅल्शियम वाढवावे लागेल, याची नोंद त्याच्या कार्डावर केली.

यूव्हीबी नळ्या मे महिन्यात लावल्या होत्या. त्यांचे मोजमाप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पाचूचे पुढील क्ष-किरण चित्र फेब्रुवारीत. काकूंना समुद्रफेनाचे नवे तुकडे पोहोचवायचे आहेत.